एआयला शेर समजावताना

आमचा कांदा लसूण मसाल्याचा धंदा आहे, कोल्हापुरात. घरगुती म्हणायचा पण आता घरात मावत नाही, मागच्या बोळातली एक खोली भाड्याने घेऊन तिथे मसाला कुटायचा डंक बसवलाय. धंदा आईचा. मी बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग परत येऊन तिच्या हाताखाली लागलो, हाताखालीच म्हणायचं कारण मिरचीच्या पोत्यात हात घालून, मूठभर बाहेर काढून, वास घेऊन "ही नको" म्हणायचा अधिकार अजून तिचाच आहे. एरवी कामाला चार मावशी, सीझनला आठ. मार्च ते मे या तीन महिन्यांत अडीच टनाच्या आसपास माल जातो आणि बाकी वर्षभर महिन्याला शंभर-सव्वाशे किलो. हे एवढ्यासाठी सांगतोय की एआयवरचं जे काय वाचायला मिळतं ते सगळं मोठ्या कंपन्यांचं असतं आणि आमच्याकडे कॉम्प्युटर म्हणजे माझा एक जुना लॅपटॉप, तोसुद्धा उघडला की कीबोर्डमधून तिखट उडतं.

सुरुवात झाली ती एका फजितीतून. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका दिवशी दुपारी फोन बघितला तर व्हॉट्सॲपवर १३० न वाचलेले मेसेज. त्यातले निम्मे "रेट काय", "पुण्याला पाठवता का", "किती दिवस टिकतो" असलेच. त्या ढिगात एका काकूंची पाच किलोची ऑर्डर होती, मुलगा परदेशी निघालेला, विमान शुक्रवारचं, आणि मी तो मेसेज उघडला शनिवारी. फोन करून माफी मागितली तर त्या भांडल्या नाहीत, नुसतं "असू दे रे, पुढच्या वेळेला" म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग गणपतीत भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे, म्हणाला मामा एआय लाव की. जसं काय पंखा लावायचा आहे. पण त्या काळात खरंच सगळीकडे एआयचं फुकट वाटप चाललेलं, एअरटेलवाल्यांना जुलैपासून परप्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट, ऑक्टोबरच्या शेवटी जिओने जेमिनीचा प्लॅन दीड वर्षासाठी दिला, आणि चॅटजीपीटीचा गो प्लॅन ऑगस्टमध्ये महिना ३९९ रुपयांना आला तो ४ नोव्हेंबरपासून एक वर्ष फुकट. म्हणजे आमच्यासारख्यांना पैशाचा अडथळाच राहिला नव्हता. मी कुठलं वापरतो ते मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की माझं चांगलं तुझं वाईट सुरू होतं, आणि खाली ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.

पहिला महिना पूर्ण वाया गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी विचारलं, माझा मसाल्याचा धंदा कसा वाढवू. त्याने दहा मुद्दे दिले, ब्रँड बनवा, गोष्ट सांगा, इन्फ्लुएन्सर गाठा, निर्यात करा. वाचून एवढं भारी वाटलं की मी रात्री एक वाजेपर्यंत त्याच्याशी बोलत बसलो आणि पाच वर्षांचा प्लॅन तयार केला, तिसऱ्या वर्षी दुबई. सकाळी उठून बघतो तर मेसेज तसेच पडलेले, कुरियरवाला पाकिटं न्यायला आलेला आणि पत्ते लिहिलेले नाहीत. बायको म्हणाली, दुबईला नंतर जा, आधी इचलकरंजीचं पार्सल दे.

दुसरं म्हणजे भाषा. आता कोल्हापूरकडच्यांना माहिती आहे की मसाला हा शब्द फक्त पाकिटावर असतो, बोलताना सगळे चटणीच म्हणतात. "यंदा चटणी केली का?" म्हणजे वर्षाचं लाल तिखट केलं का. मी सवयीने एआयला लिहिलं की आमच्या घरगुती चटणीची माहिती पाकिटाच्या मागच्या बाजूला छापायला लिहून दे. त्याने लिहून दिलं: इडली, डोसा, वड्यासोबत सर्व्ह करा, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. वर्षभर बरणीत टिकणारी वस्तू, तीन दिवसांत! शिवाय चित्र करून मागितलं तर वाटीत हिरवीगार चटणी, वर कढीपत्त्याची फोडणी, आणि पाकिटावर अक्षरं "कादां लसणू मसला". मराठी अक्षरं चित्रात घालायला गेलं की काना-मात्रा कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही, नंतर थोडी सुधारणा झालीय पण मी अजूनही अक्षरांचं काम प्रेसवाल्याकडूनच करून घेतो.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "ह्येला कोल्हापूर ठावं न्हाई व्हय? मग कशाला इचारतोस?"

इथेच खरं म्हणजे थांबायला पाहिजे होतं पण मी आणखी एक घोळ केला आणि तो जरा गंभीर होता. नवरात्रात एक मेसेज बनवून घेतला, ब्रॉडकास्ट लिस्टला पाठवायला, एका लिस्टमध्ये २५६ लोक बसतात तेवढ्यांना. घाईत वरचं वाचलं, खालचं वाचलं नाही. खाली त्याने स्वतःच्या मनाने घातलेलं, मसाल्यातल्या लसणाने रोगप्रतिकारशक्ती वाढते, रक्तातली साखर आटोक्यात राहते, वजन कमी होतं. पाठवून दिलं आणि मी डंकावर गेलो. तासाभराने एका बाईंचा मेसेज, "दादा सासऱ्यांना शुगर आहे, रोज किती चमचे द्यायचा आणि जेवणाआधी का नंतर?" वाचून पोटात गोळा आला. आमच्या एफएसएसएआय लायसनचं, म्हणजे खाण्याच्या वस्तू विकायच्या सरकारी परवान्याचं, काम बघणाऱ्या माणसाला फोन लावला तर त्याने झाडलाच, खाण्याच्या वस्तूने अमुक आजार बरा होतो, तमुक आटोक्यात येतो असं लिहायचं नसतं, त्याचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, पाकिटावर नाही आणि मेसेजमध्येपण नाही. मेसेज डिलीट केला, ज्यांनी वाचला असेल त्यांच्यासाठी दुसरा पाठवला की बाबांनो हा मसाला आहे, औषध नाही, चुकून गेलं. त्या बाईंना वेगळा फोन केला. गंमत म्हणजे त्या चुकीच्या कबुलीच्या मेसेजवर ऑर्डरी जास्त आल्या, पण ते असो.

त्यानंतर मी आठवडाभर काही केलंच नाही. मग दिवाळी संपल्यावर, कामाचा जोर कमी असताना, उलटीकडून सुरुवात केली. धंदा कसा वाढवू हे सोडून दिलं आणि एका कागदावर लिहिलं की रोज मला कशाचा वैताग येतो. चार गोष्टी आल्या. तेच तेच मेसेज, आईच्या वहीतला हिशोब, किलोमागे आपल्याला नेमकं किती पडतं ते माहीत नसणं, आणि जुनी गिऱ्हाईकं परत कधी घेतील त्याचा पत्ता नसणं. दुबई त्यात नव्हती.

वहीपासून सुरू केलं. आईच्या वह्या म्हणजे शाळेच्या दोनशे पानी, तेलाचे डाग पडलेल्या, त्यात ऑर्डरी, उधारी, मिरची कितीला घेतली, मावशींना उचल किती दिली, मधेच एखाद्या बारशाची तारीख, सगळं एकात एक. फोटो काढून एआयला दिला की वाचून दाखवतं हे मला माहीत होतं पण आईचं अक्षर वाचेल असं वाटलं नव्हतं. वाचलं. खरंच वाचलं, मला जे वाचता येत नव्हतं तेपण एक-दोन ठिकाणी वाचलं. मी खूश, भराभर चाळीस पानांचे फोटो टाकले आणि टेबल करून दे म्हटलं.

टेबल आलं. त्यात एका ओळीत तीळ २११ किलो.

आता २११ किलो तीळ आम्ही तीन वर्षांत मिळून घेतले नसतील. वही काढून बघितली तर तिथे आईने लिहिलेलं "२॥". अडीच. जुन्या माणसांची पद्धत, पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे दोन रेघा आणि थोड्या अंतरावर तिसरी. त्याने रेघांचे एक-एक केले. सव्वा किलो खोबरं होतं ते ११ किलो झालेलं, पावणेदोन किलो लसूण झालेला ११११. आणि हे नुसत्या नजरेने सापडत नाही, २११ दिसलं कारण ते अंगावर येतं, ११ किलो खोबरं खपूनच गेलं असतं. मग मी पुन्हा सुरुवातीपासून, फोटो टाकायच्या आधी प्रत्येक वेळी लिहायला लागलो की आकड्यापुढच्या उभ्या रेघा म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आहेत, आणि ज्या आकड्याबद्दल शंका वाटेल तिथे मनाने काही घालू नकोस, प्रश्नचिन्ह टाक. त्याने बराच फरक पडला. पण तरी प्रत्येक पान वहीशी ताडून बघावं लागलं, चाळीस पानांना अकरा दिवस गेले, रोज रात्री जेवल्यावर तासभर. हाताने टाइप केलं असतं तर महिना गेला असता, म्हणजे फायदा झाला, पण कुणी म्हणत असेल की फोटो टाका नि हिशोब तयार, तर त्याने आईची वही बघितलेली नाही.

आता शेराची गोष्ट, जी मला सगळ्यात महागात पडणार होती.

किलोमागे खर्च काढायचा तर प्रमाण पाहिजे. प्रमाण आईच्या डोक्यात. तिला विचारलं की एका घाण्याला काय काय लागतं तर ती म्हणते "अंदाजानं". अंदाजाने म्हणजे किती? "म्हंजे अंदाजानं." शेवटी एका दुपारी ती मिरचीची देठं काढत बसलेली असताना मी फोनचं व्हॉइस टायपिंग चालू करून शेजारी ठेवला आणि गप्पा मारत मारत सगळं काढून घेतलं. पाच किलो मिरची, निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला, ही संकेश्वरी ती गडहिंग्लजच्या बाजारातूनच आणायची असा तिचा हट्ट. चार शेर धने. दोन मापटी तीळ. खोबरं सव्वा किलो. शेरभर मीठ, खडं. कांदा अडीच किलो, चिरून उन्हात वाळवून मग तळायचा. लसूण. मग खडा मसाला, दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री, शहाजिरं, बडीशेप, ते तिचं वेगळं पुडीत बांधलेलं असतं.

एआयने यातून सुंदर तक्ता केला, प्रत्येक वस्तूचं वजन, भाव, रक्कम, शेवटी किलोमागे खर्च. त्यात मजुरी, वीज, पाकीट, भाडंपण मी धरायला लावलं. आणि खाली उत्तर: किलोमागे अकरा रुपये तोटा.

मी दोन दिवस जेवलो नाही असं म्हणत नाही पण झोप नव्हती. एवढी वर्षं आई तोट्यात धंदा करतेय? मग घर कशावर चाललं, माझं शिक्षण कशावर झालं? बायकोशी बोललो, भाव किलोला साठ रुपयांनी वाढवायचा असं जवळजवळ ठरलं, एआयकडून भाववाढीचा नम्र मेसेजसुद्धा लिहून तयार ठेवला. एक गोष्ट तेव्हाच खटकायला पाहिजे होती, तक्त्यात कच्चा माल जेवढा दिसत होता त्या मानाने तयार मसाला फार कमी भरत होता, पण मी म्हटलं कांदा वाळतो, भाजणीत घट येते, असेल.

रविवारी आईला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "धनं किती धरल्यास?" मी म्हटलं तीन किलो सातशे तीस ग्रॅम. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "मी काय खुळा हाय काय? पाच किलो मिरचीला पावणेचार किलो धनं घालून मी काय धन्याची पूड इकतो?"

तेव्हा कळलं. तिचा शेर मापाचा आहे, वजनाचा नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अडशेरी, चार शेरांची पायली, हे भरून मोजायचं माप. एआयने धरला तो जुन्या वजनाचा शेर, ९३३ ग्रॅम, जो आपण पुस्तकात वाचतो. चूक त्याची म्हणावी तर त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःला लहानपणापासून ते पितळी माप डोळ्यासमोर असून लक्षात आलं नाही. मग दोघांनी बसून एकेक वस्तू शेरात भरून काट्यावर ठेवली. एक शेर धने भरले ३६० ग्रॅम. एक शेर तीळ ६९०. आणि खडं मीठ भरलं १ किलो १८०, म्हणजे मिठात उलटी चूक होती, कमी धरलेलं. आई प्रत्येक आकड्याला मान डोलवायची, जसं काही ती परीक्षा घेतेय नि काटा पास होतोय.

नवीन आकडे टाकल्यावर किलोमागे चौतीस रुपये सुटतात असं निघालं. फार नाही, पण तोटा नाही. भाववाढीचा तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, पाठवला असता तर अर्धी गिऱ्हाईकं गेली असती. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात एआयने गुणाकार-बेरीज केली, पण आमच्या धंद्याचं प्रमाण पहिल्यांदा ग्रॅममध्ये कागदावर आलं ते त्याच्या निमित्ताने आलं, त्याआधी मी तीनदा लिहून घ्यायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. आता नवीन मावशी कामाला आल्या तर भिंतीवर तक्ता आहे. आई त्याकडे बघत नाही ते वेगळं.

मेसेजचं काम त्या मानाने सोपं निघालं, पण तिथेही पहिला डाव फसलाच. मी सांगितलं गिऱ्हाईकांच्या नेहमीच्या प्रश्नांना उत्तरं लिहून दे. त्याने लिहिलं, "आदरणीय ग्राहक, आमच्या अस्सल चवीच्या प्रवासात आपले मनःपूर्वक स्वागत आहे." बायको म्हणाली हे सरपंचाच्या इलेक्शनचं पत्रक वाटतंय. मग मी आमच्याच जुन्या चॅटमधली खरी उत्तरं घेतली, चाळीसेक, त्यातली नावं, नंबर, पत्ते सगळे पुसून. हे पुसायचं काम टाळू नका, गिऱ्हाईकांचे नंबर असे कुठेही टाकायचे नसतात, आता त्याचा कायदा पण आलाय २०२३ चा आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायदा नसता तरी कोणाच्या घरी किती तिखट जातं ते आपण बाहेर का सांगायचं. ती चाळीस उत्तरं दिली आणि म्हटलं, अशा भाषेत लिही. मग बरोबर आलं. "होय ताई पाठवतो की, पुण्याला दोन-तीन दिवसांत मिळतं." त्यातली नऊ निवडून व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये टाकली. आता "/रेट" टाइप केलं की पूर्ण उत्तर येतं. यात रोज एआय लागतच नाही, एकदाच लागलं. मला वाटतं छोट्या धंद्याला एआयचा अर्धा उपयोग असाच आहे, एकदा बसून करून घ्यायचं आणि मग साध्या फोनवर चालवायचं.

आपोआप उत्तर देणारा बॉट लावायचा का, यावर मी आठ दिवस ट्रायल केली, म्हणजे खरा बॉट नाही, आलेला मेसेज एआयला द्यायचा आणि ते काय उत्तर देतंय ते बघायचं, पाठवायचं नाही. एका मेसेजला तर हसून पुरेवाट झाली. आमच्याकडे बायका "मी येतो, मी घेतो" असंच बोलतात आणि तसंच टाइप करतात. एका काकूंचा मेसेज होता, "उद्या सकाळी मी स्वतः येऊन घेऊन जातो." एआयने उत्तर केलं, "नक्की या दादा, वाट बघतो." काकू साठीच्या आहेत. आणि एकदा कुणीतरी "भाव काय, काही कमी होईल का" विचारलं तर त्याने सरळ दहा टक्के सूट देऊन टाकली, कुणाला न विचारता! बॉट नको म्हणून तिथेच ठरलं. आता मसुदा ते लिहितं, पाठवा बटण माझ्या किंवा बायकोच्या बोटाखाली.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो कारण त्यात मी फार वेळ घालवला नाही, सुदैवाने. एचएसएन कोड, म्हणजे ज्यावरून मालाचा जीएसटी ठरतो तो नंबर, विचारला तर सोमवारी एक सांगितला, गुरुवारी दुसरा, दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे. एकदा तर बारा टक्के दर सांगितला, तो टप्पाच २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलेला आहे. सीएला विचारलं, त्याने पाच मिनिटांत सांगितलं. या बाबतीत माझा नियम सोपा आहे, ज्या चुकीचा दंड मला भरावा लागतो ते माणसाला विचारायचं. पण सीएने पाठवलेली पत्रं असतात ना, इंग्रजीतली, ती साध्या मराठीत समजावून घ्यायला मात्र एआय एक नंबर आहे. आधी मी ती न वाचताच फाइलला लावायचो.

आणि तपासायची सवय लागली ती एक बरी झाली. त्याने एकदा सांगितलं ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी नोंद, मिळालंय, मी लगेच विश्वास ठेवला नाही, शोधून बघितलं, खरं होतं.

सगळ्यात जास्त पैसे जिथे मिळाले ते काम मी शेवटी केलं, डिसेंबर-जानेवारीत, आणि ते सगळ्यात नीरस होतं. वहीतल्या तीन वर्षांच्या ऑर्डरी आता शीटमध्ये होत्या, नावाऐवजी नुसते क्रमांक टाकून ती शीट दिली आणि विचारलं की कोण किती दिवसांनी परत घेतं. मला वाटलेलं सीझनचे सोडून बाकी काही ठरावीक नसेल. पण निघालं असं की अर्धा किलो घेणारे साधारण चार-पाच महिन्यांनी परत येतात, आणि ६१ जण असे होते की ज्यांची वेळ होऊन गेलेली पण ते आलेच नव्हते. त्यांना मेसेज केला, एकगठ्ठा नाही, वेगवेगळा, "काकू चटणी संपली असेल, पाठवू का?" एवढाच. २३ जणांनी घेतलं. तिघी-चौघींनी लिहिलं की नंबर हरवला होता. आणि एकीने लिहिलं की मागच्या वेळी मीठ जास्त होतं म्हणून घेतलं नाही. हे आम्हाला कधीच कळलं नसतं, कारण नाराज गिऱ्हाईक सांगायला येत नाही, ते नुसतं दुसरीकडे जातं. आईने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाली, त्या घाण्याला मी गावाला गेलतो. म्हणजे मीठ कोणी घातलं ते तिला बरोबर माहीत होतं.

या २०२६ च्या सीझनला किती मिरची भरायची तेपण विचारलं होतं. चाळीस टक्के जास्त घ्या म्हणालं, तीन वर्षांच्या चढत्या आकड्यांवरून. पण गेल्या सीझनला आम्ही कितीजणांना उत्तरच दिलं नव्हतं ते त्या आकड्यांत कुठे आहे? आणि मिरची एकदम भरली तर पैसा अडकतो, दमट हवेत बुरशीची भीती. आईने वीस टक्के जास्त घेतली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गडहिंग्लजला जाऊन थोडी आणली, जरा महाग पडली. म्हणजे चाळीसही बरोबर नाही आणि वीसही नाही, तीसच्या आसपास कुठेतरी होतं.

मावशींनी एकदा विचारलं होतं, चहाच्या वेळी, की दादा ते फोनमधलं आलंय ते आमच्या जागी बसवणार काय. मी म्हटलं मावशी ते देठं काढत नाही. एकजण म्हणाल्या, मग काय उपयोगाचं? आणि सगळ्या हसल्या, पण विचारलं होतं ते खरंच विचारलं होतं, म्हणून मी या सीझनला त्यांचे हजेरीचे नि ओव्हरटाइमचे आकडे त्याच शीटमधून काढून भिंतीवर लावायला लागलो, दर शनिवारी. आधी आईच्या वहीत कुणाची किती उचल ते तिलाच माहीत असायचं, त्यात एका मावशींचे दोनशे रुपये आमच्याकडेच निघत होते.

खर्चाचं म्हणाल तर पैसे नगण्य गेले, वेळ गेला, आणि तोही बहुतेक सगळा आमचंच आम्हाला नीट लिहून काढण्यात गेला. या एप्रिलमध्ये न वाचलेले मेसेज एका वेळी तीसच्या वर गेले नाहीत. त्या पाच किलोवाल्या काकूंचा मुलगा मेमध्ये येऊन परत गेला, पार्सल आठ दिवस आधी त्यांच्या घरात होतं, मी स्वतः नेऊन दिलं.

राहिला प्रश्न वहीचा. आईला मी विनवलंय की आता अडीच लिहायचं तर २.५ लिही, तिने कबूल केलंय, आणि सकाळच्या वेळी लिहितेसुद्धा. पण संध्याकाळी घाई असली, दारात माणूस उभा असला, एका हाताने वजन चाललेलं असलं की हात आपोआप दोन रेघा ओढतो. त्यामुळे रोज रात्री लाल पेन घेऊन बसणं काही सुटलेलं नाही. काल पुन्हा २११ किलो तीळ आले होते.